बंकटकाकांचं गोठ्यातलं कन्नड

माझ्या बंकटकाकांना कन्नड येतं. हे वाक्य लिहितानासुद्धा मला हसू फुटतं, कारण काका ज्या दोघांसाठी कन्नड शिकले त्या दोघांनाही शिंगं आहेत.

काका तेलगावचे. पन्नाशी कधीच ओलांडलेली, मिशा अजून काळ्या, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतातला माणूस दचकून 'ओ' देतो. त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं. "त्यात काय अवघड हाय?" विहिरीची मोटार जळाली, त्यात काय अवघड हाय. पुतणी इंजिनिअर व्हायचं म्हणते, त्यात काय अवघड हाय. मी खरोखर इंजिनिअर झाले, त्यात या वाक्याचाही थोडा हात आहे. पण याच वाक्याने गेल्या वर्षी काकांना असं गोत्यात आणलं की सगळी गल्ली पोट धरून हसली आणि काकांच्या जिवाला मात्र घोर लागला.

त्याचं असं झालं. काका दर हंगामाला बैलगाडी घेऊन ऊसतोडीसाठी कर्नाटकात जातात. त्यांची जुनी जोडी थकली होती. हंगाम संपता संपता बागलकोटकडच्या एका खेड्यात त्यांना नवी जोडी दिसली. पांढरीशुभ्र, उंच, शिंगं मागे वळलेली. नावं बसू आणि सोमू. मालक कल्लाप्पा नावाचे सत्तरीचे गृहस्थ. त्यांचे गुडघे गेले होते आणि मुलांनी ट्रॅक्टर घेतला होता, म्हणून जोडी विकायची होती. पण गिऱ्हाईक आलं की दात आणि खूर दाखवायच्या आधी कल्लाप्पा मोडक्या हिंदीत एकच विचारायचे.

"बैल से बात करता?"

"करता हूँ की!" काका म्हणाले.

"कन्नडा आता?"

इतकी वर्षं कर्नाटकात जाऊन काकांना कन्नडचा एक शब्द येत नव्हता. ऊसतोडीची टोळी आपल्याच पाचटाच्या कोप्यांत राहते, मुकादम आपलाच, भांडणं आपल्याच भाषेत. ज्याची गरज पडत नाही ते मेंदू कशाला साठवील? तेव्हा 'न्हाई' म्हणणं हे सरळ उत्तर होतं. पण त्याच वेळी बसू काकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा होता, आणि खांद्यावर असं वजन असताना माणसाला नाही म्हणवत नाही.

"आता है, आता है! फर्रफर्र आता है! त्यात काय अवघड हाय?"

कल्लाप्पांनी घरात जाऊन देवापुढच्या हळदीचा भंडारा आणला. तो काकांच्या हातावर ठेवून म्हणाले, "पोळा को आता हूँ. मेरा ये दोनों बच्चा लोग, बसू-सोमू, खुश नहीं, उनसे कोई बात नहीं करता, तो मैं वापस लेके जाता. पैसा भी वापस." काकांनी शपथेचा भंडारा उचलला. आमच्याकडे कागदावर केलेली सही माणूस एक वेळ विसरतो, उचललेला भंडारा नाही.

जोडी टेम्पोतून तेलगावात उतरली तेव्हा मी सुट्टीवर गावीच होते. साखराकाकूंनी भाकर ओवाळून टाकली. सगळी गल्ली जमली. दुसऱ्या दिवशी काकांनी वखर जुंपला, चाबूक नुसता हवेत फिरवला आणि ठेवणीतल्या आवाजात आरोळी ठोकली, "हैऽ चल माझ्या राजा!"

राजा हलला नाही. सोमूने मान वळवून काकांकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, हट्ट नव्हता. परक्या गावच्या बसस्थानकावर सूचना ऐकणाऱ्या माणसासारखा चेहरा होता त्याचा. बोलतंय कुणीतरी, पण आपल्या गाडीचं नसावं.

काकांनी चुचकारलं, पुढे होऊन ओढलं, मागे जाऊन ढकललं. शेवटी घामाघूम होऊन कल्लाप्पांना फोन लावला.

"ये चलते नहीं!"

"फोन कान को लगाओ," कल्लाप्पा म्हणाले.

काकांनी फोन कानावर आणखी घट्ट दाबला. "लगाया!"

"तुम्हारा नहीं! बसू का!"

काकांनी फोन बसूच्या कानाला लावला. आतून आवाज आला, "बसू! नडि!" बसूचे दोन्ही कान ताठ झाले. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि बघता बघता जोडी अशी निघाली की काका एका हातात वखर आणि एका हातात फोन धरून अर्धे बैलाच्या पुढे, अर्धे मागे असे पळायला लागले. मी बांधावर बसून इतकी हसले की उचकी लागली.

पुढचे काही दिवस तेलगावच्या शिवारात फोनवर वखर चालला. काकांनी फोन उपरण्यात गुंडाळून बसूच्या शिंगाला बांधला. बागलकोटकडून कल्लाप्पा 'नडि' म्हणाले की जोडी चालायची, 'निल्लु' म्हणाले की थांबायची. लांबच्या बांधाजवळ रेंज जायची, तिथे जोडी जागच्या जागी उभी. कल्लाप्पा जेवायला बसले की तेलगावातला वखरही थांबायचा. एकदा मधेच कुठल्याशा कंपनीच्या बाईचा फोन उचलला गेला. ती मंजूळ आवाजात काहीबाही समजावत राहिली आणि दोन्ही बैल तिचं सगळं शांतपणे ऐकून घेत उभे राहिले.

फाट्यावरच्या हॉटेलवाल्या पप्पूने तर काकांना जगणं मुश्कील करून टाकलं.

"तात्या, बैलाला कर्नाटकाचं सिम घ्या. रोमिंग लागंल उगं."

"गप बे. चहा दे."

"त्यांला बी देऊ का? का त्यांला विचारायला फोन लावू?"

त्या दिवशी चहा अर्धाच ठेवून काका उठले. घरी येऊन ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "बबे, मी कन्नड शिकतो."

"या वयात?" साखराकाकू आतून म्हणाल्या. "मराठी तरी कुठं नीट बोलता?"

"त्यात काय अवघड हाय?" काका म्हणाले, पण नेहमीचा जोर नव्हता. मग माझ्याकडे वळून हळूच, "पोळ्यापोतर व्हईल का गं?"

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. दवाखान्यांत मेंदूचे तरंग नोंदवणारी मशीनं असतात, ती बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. एवढ्यावरून काकांचा पक्का समज झालेला की मेंदूतलं बिघडलेलं काहीही मला पान्याने आवळता येतं. शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी कल्लाप्पा फोनवर एखाद-दुसरा शब्द सांगायचे. 'बा' म्हणजे ये. 'नीर कुडि' म्हणजे पाणी पी. 'कालु एत्तु' म्हणजे पाय उचल. पायात काटा शिरला तर खूर हातात घेताना हे म्हणायचं. 'ओदीब्याड', लाथ मारू नको. आणि जनावर बुजलं की पाठीवर हात ठेवून म्हणायचं, 'अंजब्याड', भिऊ नको.

नव्याने शिकताना मेंदू काय काय गमती करतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. आता ते उपरणं बांधून माझ्यासमोर चालत होतं.

पहिली गंमत हिंदीची. काकांना 'निल्लु' म्हणायचं असायचं आणि तोंडातून निघायचं 'रुको'. 'बा' म्हणायच्या जागी 'आओ'. काका वैतागले. "मराठी न्हाई येत मधी. हे हिंदीच कावून घुसतंय?"

मी म्हटलं, "काका, मराठी तुमच्या मेंदूत घरच्यासारखी आहे. नंतर शिकलेल्या भाषा परक्या. परकं बोलायचं म्हणून तुम्ही मराठीला गप्प बसवता, तर परक्यांतली जी जास्त सरावाची ती आधी पुढे येते."

काकांनी विचार केला. "म्हंजी परकी समदी एकाच खोलीत ठिवलेली. अन् हिंदी दारातच बसलेली."

"असं समजा."

"मंग तिला म्हणावं सरक थोडी."

दुसरी गंमत झोपेची. संध्याकाळी डोकं आपटूनही न आठवलेला शब्द सकाळी धार काढताना आपसूक यायचा. मी सांगितलं की दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा घोटतो, मुरवतो. हे सांगणं मला महागात पडलं. त्या दिवसापासून काका दुपारी जेवण झालं की लिंबाखाली पसरायचे. शेजारीण विजयमालाबाई काही मागायला आली की काकू तोंडाला पदर लावून सांगायच्या, "हळू बोला. अभ्यास चाललाय त्यांचा. घोरत्यात बघा किती मन लावून."

माझी सुट्टी संपली तरी मी दर रविवारी गावी यायचे, आणि सगळ्यात मोठी गंमत मला अशाच एका रविवारी कळली. काका ओट्यावर बसले होते. मी सहज विचारलं, "काका, पाणी पी हे कन्नडमध्ये कसं म्हणायचं?"

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आभाळाकडे पाहिलं. "सकाळीच तं म्हणलो होतो! गेलं कुठं?"

मग ते उठले, गोठ्यात गेले, बादली उचलली आणि बसूपुढे ठेवता ठेवता म्हणाले, "नीर कुडि." बादली जमिनीला टेकायच्या आत शब्द बाहेर. ओट्यावर आले, पुन्हा पाटी कोरी. गोठ्यात गेले, सगळं हजर. आम्ही दोघांनी हा प्रयोग इतक्यांदा केला की सोमू पाणी पिऊन पिऊन कंटाळला.

मी काकांना पाणबुड्या लोकांची गोष्ट सांगितली. एका जुन्या प्रयोगात पाणबुड्यांनी काही शब्द पाण्याखाली पाठ केले होते. ते त्यांना किनाऱ्यावर कमी आठवले, पाण्याखाली जास्त. शिकलेली गोष्ट जागेला, वासाला, हाताच्या कामाला चिकटून बसते. मोठेपणी तर माणूस नवा शब्द असा कशाच्या ना कशाच्या आधारानेच धरून ठेवतो.

"म्हंजी माझं कन्नड गोठ्यात हाय," काका म्हणाले.

"शेणात म्हणा की," काकू म्हणाल्या.

पेरणी झाली, कापूस गुडघ्याला आला, आणि मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडून गेली होती. काका कन्नड घोकत होते तेव्हा चारा-पाणी, अंघोळ, शेणकूर सगळं काकू करत होत्या, आणि काकूंचं तोंड काही बंद नसतं. "सरक रे बाळा. असं काय करतो? खा की, सासुरवाशिणीवानी लाजतो कावून?" ऐकता ऐकता बैलांना मराठी कळायला लागली. काकूंनी नुसतं "चला बाळांनो" म्हटलं की जोडी दावणीतून बाहेर. खरं तर आता काकांना कन्नडची गरजच उरली नव्हती.

पप्पू म्हणाला, "तात्या, बैल मराठी शिकले की. सोडा आता ते येड."

काका म्हणाले, "बैलाला दोन भाषा आल्या अन् मला एक? अन् भंडारा तू उचललाय का मी?"

पोळा जवळ आला तसा काकांचा विनोद कमी झाला. कल्लाप्पांचा फोन आला, "आता हूँ. पिकअप गाडी लेके आता." गाडी! गुडघे गेलेला माणूस एसटीने आला असता तर बैल बघायला आलाय म्हटलं असतं. पिकअप घेऊन येतो म्हणजे न्यायच्याच तयारीने येतो. काकांनी अर्धी भाकर ताटातच ठेवली.

"बबे, बसू खांद्यावर हनुवटी ठिवतो ना रोज," ते म्हणाले, "आता ते वजन नसलं तं मला चालताच येत न्हाई बघ." आणि स्वतःच कसनुसं हसले.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदमळण असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाला रीतसर आमंत्रण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलाला असं तोंडाने सांगावं लागतं, त्याशिवाय तो दुसऱ्या दिवशीचा पाहुणा होत नाही. काकांनी ठरवलं की यंदा आवतण कन्नडमध्ये द्यायचं, कल्लाप्पांच्या समोर. पण हे वाक्य त्यांनाच विचारलं तर मजा गेली. माझ्यासोबत धारवाडची एक मुलगी काम करते. तिच्याकडून मी ते फोनवर बोलून घेतलं. 'नाळे ऊटक्के बा.' उद्या जेवायला ये. चारच दिवस उरले होते. आजवरचे काकांचे शब्द तोडक्या हुकमांचे. हे पहिलं सबंध वाक्य. काका ते घोळवत फिरले. हिंदी दारातच बसलेली होती, ती काही सरकत नव्हती.

खांदमळणीच्या दिवशी दुपारी पिकअप गल्लीत शिरली. मागे गवत अंथरलेलं. ते गवत बघून काकूंचा चेहरा उतरला. कल्लाप्पा काठी टेकत उतरले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, कपाळावर भस्माचे पट्टे. काका नवं धोतर नेसून ओट्यावर उभे होते. पाहुण्याचं स्वागत करायचं, तेही कन्नडमध्ये. सगळी गल्ली कान टवकारून. काकांनी तोंड उघडलं.

काही नाही. नुसती मिशी थरथरली.

कल्लाप्पा वाट बघत राहिले. काकांच्या कपाळावर घाम. मला सगळं दिसत होतं. ओटा, नवं धोतर, माणसांची गर्दी, यातल्या कशालाही काकांचं कन्नड चिकटलेलं नव्हतं. मी काकूंच्या कानात म्हणाले, "काकू, गोठ्यात न्यायला पाहिजे यांना."

"पाव्हण्याला गोठ्यात बसवायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक नंतर म्हणतील. गाडीत गवत आत्ता आहे."

काकूंनी एकदा पिकअपकडे बघितलं आणि सरळ कल्लाप्पांच्या हातातली पिशवी घेऊन गोठ्याची वाट धरली. "या, या, दादा. आधी तुमच्या लेकरांला भेटा." पिशवी गेली म्हणून कल्लाप्पा मागे गेले, आणि त्यांच्या मागे काका.

गोठ्याचा उंबरा ओलांडला, शेणाचा आणि कडब्याचा वास नाकात शिरला, आणि काकांचं तोंड उघडलं. असं उघडलं की मिटेना.

"बा!" काकांनी पाहुण्यांना हुकूम सोडला. "बा, बा! निल्लु!"

कल्लाप्पा चमकून जागच्या जागी थांबले. काकांनी तांब्या घेतला, वाकले आणि पाय धुवायला म्हणून प्रेमाने ओरडले, "कालु एत्तु!"

कल्लाप्पांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग काकांकडे. मग काठीवर भार टाकून, गंभीर चेहऱ्याने, हळूच एक पाय उचलला. काकांनी तो धुतला. "ओदीब्याड!" त्यांनी बजावलं. कल्लाप्पांनी मान हलवली, नाही मारणार लाथ. दुसरा पाय उचलला. मग काकांनी पाण्याची बादलीच पुढे सरकवली, "नीर कुडि!" आणि काकूंनी घाईने कानवल्याची थाळी आणली तेव्हा काकांनी ती दोन्ही हातांनी पुढे करून, चेहऱ्यावर सगळं आदरातिथ्य आणून, खाण्याचा आपल्याला येणारा एकमेव हुकूम सोडला.

"हुल्ल तिन्नु!"

गवत खा.

आधी कल्लाप्पांचे खांदे हलले. मग रुमाल हलला. मग हा सत्तरीचा माणूस गव्हाणीचा आधार घेऊन असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसण्याच्या मधे मधे तो पिकअपवाल्याला कन्नडमधून सगळं सांगायला लागला. मग पिकअपवालाही दाराशी बसूनच गेला. बसू आणि सोमू कुतूहलाने बघत होते. त्यांच्या दृष्टीने काका अगदी शुद्ध बोलत होते.

काय झालं ते मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "मायला! पाव्हण्याला गवत वाढलं मी?"

एवढ्यात संध्याकाळ झाली. हळद-तुपाची वाटी आली. गल्लीतले सगळे गोठ्यापुढे जमले, कारण काका कन्नडमध्ये आवतण देणार ही बातमी पप्पूच्या हॉटेलातून कधीच सुटली होती. कल्लाप्पा हसून झाले होते. आता ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते आणि डोळे बारीक करून बघत होते. हसणं वेगळं आणि बैल ठेवणं वेगळं, हे काकांनाही कळत होतं.

काका बसूसमोर उभे राहिले. खाकरले.

"कल... कल खाना खाने आना," काका म्हणाले.

"तात्या, हे तं हिंदी!" पप्पू ओरडला आणि हशा पिकला.

काकांचे कान लाल झाले. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हिंदीच. दारात बसलेली हिंदी उठायलाच तयार नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मशीन आण, पाना आण, काहीतरी कर, असं ते बघणं होतं. माझ्याकडे काय होतं? मी नुसती वाटी त्यांच्या हातात दिली. "काका, आधी खांदा चोळा."

काकांनी लोकांकडे पाठ केली. दोन बोटं तुपात बुडवली आणि बसूच्या खांद्यावर ठेवली. जिथं जू बसतं, जिथली कातडी जाड आणि चकचकीत झालेली असते, तिथे. हात गोल फिरायला लागला. बसूने डोळे मिटले. काका लोकांना विसरले, पिकअपला विसरले, बहुतेक कन्नडलाही विसरले. आणि मग नेहमीसारखं, कुणाला तरी रोजचंच काही सांगावं तसं, हलक्या आवाजात ते म्हणाले, "शाण्या माझ्या... नाळे ऊटक्के बा."

सोमूकडे वळले. खांदा चोळला. "नाळे ऊटक्के बा."

हात थांबेना आणि तोंडही थांबेना. त्याच तंद्रीत काका वळले आणि तिसऱ्या खांद्यावर हात ठेवला. तो कल्लाप्पांचा होता. पांढऱ्या सदऱ्यावर हळद-तुपाचा पंजा उमटला.

"नाळे ऊटक्के बा," काका त्यांना म्हणाले.

कल्लाप्पांनी खांद्यावरचा पिवळा डाग बघितला. ते उठले आणि काठी टेकत पिकअपकडे गेले. पिकअपवाल्याने उडी मारून मागची फळी खाली पाडली. धाडकन आवाज झाला. काकूंनी माझा हात घट्ट धरला. काका बसूच्या दाव्याला धरून उभे.

कल्लाप्पांनी गवतात हात घातला आणि एक पोतं ओढून काढलं. पोत्यातून छुमछुम आवाज आला, आणि गोठ्यात बसू-सोमूचे कान एकदम उभे राहिले. घुंगरमाळा होत्या. जोडी विकताना मागे ठेवलेल्या.

कल्लाप्पांनी त्या स्वतःच्या हाताने बैलांच्या गळ्यात बांधल्या. सोमूच्या माळेची गाठ मारून झाली तरी त्यांनी ती सोडली नाही, आणि कपाळ सोमूच्या मानेला टेकलं. अशा वेळी काय करायचं हे काका चांगलं शिकले होते. त्यांनी कल्लाप्पांच्या पाठीवर हात ठेवला.

"अंजब्याड," काका म्हणाले. "अंजब्याड."

कल्लाप्पांनी नाक पुसलं, हसले, आणि पिकअपवाल्याला काहीतरी सांगितलं. त्याने मागची फळी लावून टाकली. गाडीतलं गवत त्या संध्याकाळी जोडीनेच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी झाली, मिरवणूक झाली, कल्लाप्पा जोडीच्या पुढे नवरदेवाच्या बापासारखे चालले. निघताना अंगणात त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि मनापासून, न थांबता, लांबलचक कन्नड बोलायला लागले. काकांना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. थोडा वेळ मान हलवून त्यांनी कल्लाप्पांचा हात धरला आणि त्यांना ओढायला लागले.

"अवो, कुठं नेता त्यांला?" काकू ओरडल्या. "गाडी थांबलीय!"

"गोठ्यात," काका म्हणाले. "हितं मला कन्नड येत न्हाई."